उद्योगपतीचे चरित्र कसे लिहावे : वालचंद हिराचंद यांचे उदाहरण समोर ठेवून

एखाद्या मोठ्या उद्योगपतीवर दीर्घ लेख, स्मरणिकेतील प्रकरण किंवा छोटेखानी पुस्तक लिहायला घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर एक प्रश्न लिहून ठेवावा : या माणसाने उभारलेल्या प्रत्येक उद्योगात पैसा कोणाचा होता आणि परवानगी कोणाची होती? धाडस, दूरदृष्टी, जिद्द हे शब्द चरित्रात येतील, यायलाही हवेत. परंतु या प्रश्नाचे उत्तर हाती नसताना ते आले, तर एका उद्योगपतीचा लेख नाव बदलून दुसऱ्याला सहज लागू पडतो. मराठीत असे लेख पुष्कळ आहेत. ज्या माणसांनी खरोखर अवघड कामे केली, त्यांच्यावर त्यामुळे अन्यायच होतो, कारण काम नेमके कशामुळे अवघड होते हे वाचकाला कळतच नाही.

पुढील सर्व विवेचनासाठी मी वालचंद हिराचंद यांचे उदाहरण घेतले आहे. 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापुरात जन्मलेल्या या माणसाने रेल्वेची कंत्राटे, जहाजवाहतूक, साखर, विमाने, जहाजबांधणी आणि मोटारी इतक्या क्षेत्रांत हात घातला, की चरित्रलेखनात येणारी जवळजवळ प्रत्येक अडचण त्यांच्या आयुष्यात एकदा तरी भेटते. शिवाय त्यांच्या उद्योगांच्या खुणा सोलापूर, पुणे, नाशिक, सांगली आणि मुंबई इथे पसरलेल्या असल्याने मराठी लेखकाला त्यांच्यापर्यंत पायी पोहोचता येते. कार्यपद्धती मात्र कोणत्याही उद्योगपतीला लावता येईल.

आधी कालपट, मग कथा

लेखनाला हात घालण्यापूर्वी एक मोठा कालपट तयार करावा. त्यात तीन उभे रकाने असावेत. पहिल्यात त्या व्यक्तीच्या आयुष्यातील घटना, दुसऱ्यात तिच्या कंपन्यांच्या घटना आणि तिसऱ्यात त्याच वर्षी देशात झालेले कायदे, युद्धे, जकाती आणि बाजारातील चढउतार नोंदवावेत. तिसरा रकाना भरण्याचा कंटाळा बहुतेक जण करतात, पण माझ्या मते चरित्राचा अर्धा अर्थ तिथेच दडलेला असतो.

हे कसे, ते साखरेच्या उदाहरणावरून पाहता येते. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात रावळगाव येथे वालचंदांनी 1923 च्या सुमारास जमीन घेऊन शेतीला सुरुवात केली. साखर कारखाना मात्र तिथे 1933 साली उभा राहिला. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात, कळंबजवळ ज्या वसाहतीला पुढे वालचंदनगर हे नाव पडले, तिथला साखर कारखाना 1934 चा. केवळ पहिले दोन रकाने पाहिले, तर दहा वर्षे माळरानाशी झुंज देणाऱ्या माणसाने अखेर एकापाठोपाठ दोन कारखाने उभे केले, एवढीच कथा दिसते. तिसऱ्या रकान्यात पाहिले, की 1932 चा साखर उद्योग संरक्षण कायदा समोर येतो. परदेशी, विशेषतः जावाच्या साखरेवर संरक्षक जकात बसली आणि त्यापूर्वी तिशीच्या आसपास असलेली देशातील आधुनिक साखर कारखान्यांची संख्या थोड्याच वर्षांत शंभराच्या पुढे गेली. म्हणजे कारखान्याचा निर्णय धोरणामुळे शक्य झाला, आणि तरीही ज्याच्याकडे आधीपासून जमीन, पाणी आणि ऊस पिकवण्याचा अनुभव होता तोच त्या संधीवर लगेच झेप घेऊ शकला. या दोन्ही गोष्टी एकत्र मांडता आल्या, तर वालचंदांचे मोठेपण कमी होत नाही. ते नेमके कुठे होते हे दिसू लागते.

कालपट भरताना कंपन्यांच्या नावांचा एक स्वतंत्र तक्ता ठेवावा, कारण नावे बदलतात आणि बेसावध लेखक एकाच कंपनीचे दोन उद्योग करून टाकतो. रेल्वेची कंत्राटे घेणारी फाटक-वालचंद ही भागीदारी 1920 साली टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीत विलीन झाली, आणि तीच कंपनी पुढे प्रीमियर कन्स्ट्रक्शन झाली. मार्सलँड प्राइस ही मूळची इंग्रजी कंपनी. आजची वालचंदनगर इंडस्ट्रीज तिचाच वारसा सांगते. 1940 सालची हिंदुस्तान एअरक्राफ्ट 1964 साली विलीनीकरणानंतर हिंदुस्तान एरोनॉटिक्स झाली. विशाखापट्टणमची जहाजबांधणी गोदी सिंदिया या जहाजवाहतूक कंपनीची होती आणि 1952 पासून ती हिंदुस्तान शिपयार्ड या नावाने सरकारी नियंत्रणाखाली आली. नाव, कालखंड, नोंदणीचे ठिकाण, प्रमुख भागधारक आणि पुढे काय झाले, एवढे पाच तपशील प्रत्येक कंपनीसमोर लिहिले, की पुढचे निम्मे घोटाळे टळतात.

"शून्यातून" हा शब्द वापरण्यापूर्वी

उद्योगपतीच्या बालपणाविषयी लिहिताना घरची आर्थिक स्थिती नेमकी काय होती हे शोधावे. वालचंदांचे घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे, दिगंबर जैन, सोलापुरात स्थायिक होऊन कापसाचा व्यापार आणि सावकारी करणारे होते. त्यामुळे त्यांच्या बाबतीत "शून्यातून" म्हणणे चुकीचे ठरते. पण तेवढ्यावर न थांबता, घरून नेमके काय मिळाले हेही विचारले पाहिजे. व्यापारी घरातील मुलाला रोख भांडवलापेक्षा कितीतरी मोठी गोष्ट मिळते, ती म्हणजे पत. त्याच्या वडिलांच्या नावावर दुसरा व्यापारी माल उधार देतो, पेढीवरून हुंडी वटते, कंत्राटासाठी अनामत रक्कम उभी राहते. याउलट, वडिलोपार्जित पेढी चालवायची सोडून रेल्वेच्या मातीकामात पडणे हा निर्णय त्या घरातल्या कोणालाही सुचण्याजोगा नव्हता. घराने दिलेली पत एका बाजूला आणि घराच्या रूढ मार्गापासून घेतलेली फारकत दुसऱ्या बाजूला, असे दोन्ही लिहावे.

इथेच भागीदाराचा शोध लागतो. वालचंदांचे पहिले भागीदार लक्ष्मण बळवंत फाटक हे पूर्वी रेल्वेत कारकून होते. रेल्वेचे काम मिळते कसे, निविदा कशी भरतात, मोजमापाच्या वहीत काय लिहिले जाते, बिल कुठे अडते, याची माहिती असलेला माणूस आणि भांडवल उभे करू शकणारा माणूस, असे हे जोडपे होते. मराठी कारकुनाचे ज्ञान आणि गुजराती पेढीची पत यांच्या या जोडीवर, खरे तर, कोणीतरी स्वतंत्रपणे लिहायला हवे. चरित्रात अशा भागीदाराला एका वाक्यात निकालात काढण्याची खोड आपल्याकडे फार आहे. प्रत्येक मोठ्या उद्योगपतीमागे असा एखादा फाटक असतोच. त्याचे नाव, त्याचे कसब आणि तो पुढे कधी व का बाजूला झाला, हे शोधणे चरित्रकाराचे कर्तव्य आहे.

कागद कुठे मिळतात

जुन्या काळातील उद्योगपतीसाठी पहिला आधार म्हणजे त्याचा व्यक्तिगत पत्रव्यवहार. वालचंद हिराचंद यांची कागदपत्रे नवी दिल्लीच्या तीन मूर्ती भवनातील ग्रंथालयाच्या संग्रहात आहेत. पूर्वी नेहरू स्मारक संग्रहालय व ग्रंथालय म्हणून ओळखली जाणारी ही संस्था आता प्रधानमंत्री संग्रहालय व ग्रंथालय या नावाने चालते. सरकारी बाजू पाहण्यासाठी राष्ट्रीय अभिलेखागार आहे, आणि त्याच्या अभिलेख पटल या संकेतस्थळावर घरबसल्या नस्त्यांची, म्हणजे सरकारी फायलींची, सूची चाळता येते. मुंबई इलाख्याचे कागद मुंबईतील महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात, एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहेत. सूची पाहताना केवळ व्यक्तीच्या नावाने शोध घेऊ नये. वाणिज्य खाते, रेल्वे बोर्ड, बंदर खाते, संस्थानांशी झालेला पत्रव्यवहार अशा विषयवार याद्यांत खरी माहिती दडलेली असते, आणि इंग्रजी कागदांत आडनावांची वर्णलेखने इतकी वेगवेगळी असतात, की एका नावाचे चार-पाच प्रकार करूनच शोधावे लागते.

मध्यवर्ती कायदेमंडळाच्या चर्चांचे छापील वृत्तांत हा दुसरा मोठा साठा होय. 1928 साली साराभाई नेमचंद हाजी यांनी किनारी जहाजवाहतूक भारतीय कंपन्यांसाठी राखून ठेवणारे विधेयक मांडले. ते त्या काळी कायदा होऊ शकले नाही, परंतु त्यावरील चर्चेत ब्रिटिश जहाज कंपन्यांची, सरकारची आणि भारतीय व्यापाऱ्यांची बाजू त्यांच्याच शब्दांत सापडते. उद्योगपतीच्या विरोधकाचे म्हणणे मिळवण्याचा यापेक्षा चांगला मार्ग नाही.

हयात किंवा अलीकडच्या उद्योगपतीविषयी लिहिताना साधने निराळी असतात, आणि ती सामान्य वाचकाला वाटते त्याहून कितीतरी खुली आहेत. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा वार्षिक अहवाल तिच्या संकेतस्थळावर असतो; प्रवर्तकांची भागमालकी किती आणि त्यातील किती भाग तारण ठेवलेला आहे, हे दर तिमाहीला मुंबई शेअर बाजार आणि राष्ट्रीय शेअर बाजार यांच्याकडे जाहीर करावे लागते. कंपनी प्रथम भागविक्रीला आली असेल, तर तेव्हाचे माहितीपत्रक अवश्य मिळवावे, कारण प्रवर्तकांचा पूर्वेतिहास, त्यांच्यावरील प्रलंबित खटले, घरातल्याच इतर कंपन्यांशी झालेले व्यवहार आणि धंद्यातील जोखमी हे सर्व त्यात कायद्याने सांगावे लागते. खाजगी कंपन्यांचे वार्षिक हिशेब कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर अल्प शुल्क भरून पाहता येतात. अहवाल वाचताना अध्यक्षांचे भाषण शेवटी वाचावे. आधी लेखापरीक्षकाचा अहवाल आणि ताळेबंदामागच्या टिपा वाचाव्यात, आणि ज्या कंपनीच्या पोटात अनेक उपकंपन्या आहेत तिचे एकत्रित हिशेबच प्रमाण मानावेत.

श्रीमंतीच्या याद्यांमधील आकडा चरित्रात घालायचा मोह आवरलेला बरा. असा आकडा मुख्यतः त्या दिवशीचा शेअरचा भाव गुणिले हातातील शेअर, वजा माहीत असलेले कर्ज, अशा रीतीने काढलेला अंदाज असतो. भाव उतरला की आकडा उतरतो, आणि त्या माणसाच्या तिजोरीतून तेव्हा एक रुपयाही गेलेला नसतो. आकडा द्यायचाच असेल, तर तारीख दिल्याशिवाय देऊ नये.

जुन्या रकमांच्या बाबतीत याहूनही अधिक सावध राहावे लागते. 1927 पासून रुपयाचा भाव 1 शिलिंग 6 पेन्स असा बांधला गेला, म्हणजे एका पौंडाला 13 रुपये 5 आणे 4 पै. पण त्याआधीच्या काही वर्षांत, विशेषतः 1919 ते 1921 या काळात, हा भाव प्रचंड हेलकावे खात होता. त्या वर्षांत लंडनमध्ये झालेल्या जहाजखरेदीची रक्कम नंतरच्या बांधील भावाने रुपयांत मांडली, तर आकडा साफ चुकतो. मूळ चलनातील रक्कम तशीच द्यावी आणि तुलनेसाठी त्याच वर्षाची एखादी दुसरी रक्कम, उदाहरणार्थ कंपनीचे वसूल भांडवल, शेजारी ठेवावी. अधिकृत भांडवल आणि वसूल भांडवल यांत गल्लत करू नये. पहिले म्हणजे कंपनीला जास्तीत जास्त किती भाग काढता येतील याची मर्यादा आणि दुसरे म्हणजे भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेला पैसा. जुन्या लेखांत पहिलाच आकडा अभिमानाने छापलेला असतो.

ठळक घटनेच्या आत शिरावे

5 एप्रिल 1919 रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे "लॉयल्टी" हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. हा दिवस 1964 पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो आणि वालचंदांवरील प्रत्येक लेखात ही तारीख असतेच. बहुतेक लेख जहाज बंदराबाहेर पडले, की पुढच्या यशाकडे वळतात. चरित्रकाराने मात्र त्याच जहाजावर चढून आणखी चार प्रश्न विचारावेत.

जहाज आले कुठून? मूळची ती कॅनडियन पॅसिफिक कंपनीची "एम्प्रेस ऑफ इंडिया" ही 1890 च्या सुमारास बांधलेली बोट. ग्वाल्हेरच्या महाराजांनी ती पहिल्या महायुद्धात रुग्णालय-जहाज म्हणून वापरण्यासाठी घेतली, आणि युद्ध संपल्यावर ती विक्रीला निघाली. कंपनीला सिंदिया हे नाव मिळाले ते याच संबंधामुळे. पैसा कोणाचा? वालचंद एकटे नव्हते. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास ही मुंबईच्या व्यापारातील वजनदार मंडळी बरोबर होती, आणि 1929 साली मृत्यू येईपर्यंत कंपनीचे अध्यक्षपद नरोत्तम मोरारजींकडेच होते. वेळ कोणती? युद्धामुळे जहाजांचा तुटवडा होता आणि वाहतुकीचे दर गगनाला भिडले होते. मग त्या जहाजाचे पुढे काय झाले? तिशी ओलांडलेली ती बोट 1923 साली मोडीत निघाली, आणि त्याआधीच, 1921 च्या सुमारास, जगभर वाहतुकीचे दर कोसळले होते.

ही उत्तरे हाती आली, की खरी कथा सुरू होते, आणि ती जहाज सुटण्याच्या क्षणापेक्षा पुष्कळ मोठी आहे. दर पडलेले, जहाज जुने, आणि समोर लॉर्ड इंचकेप यांच्या अधिपत्याखालील ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी. या प्रस्थापित कंपन्यांच्या हातात दरयुद्धाखेरीज आणखी एक शस्त्र होते, ते वाचकाला नीट समजावून सांगावे. जो व्यापारी ठरावीक मुदतीत आपला सगळा माल त्यांच्याच बोटींनी पाठवील, त्याला भाड्यातील काही भाग मुदत संपल्यानंतर परत मिळे. मध्येच एखादी खेप सिंदियाच्या बोटीत चढवली, तर साठत आलेली ती सगळी सूट बुडे. तांदळाच्या किंवा कापसाच्या व्यापाऱ्याला स्वदेशीविषयी कितीही कळकळ असली, तरी त्याच्या हिशेबाच्या वहीत ही रक्कम दिसत असे. अशा परिस्थितीत 1923 साली सिंदियाने प्रतिस्पर्ध्याशी जो करार केला, त्याने कंपनी जगली, पण तिच्या ताफ्याच्या आकारावर आणि मार्गांवर मर्यादा आल्या. हा करार शरणागती होता की तग धरण्याची युक्ती, यावर लेखकाने स्वतःचे मत द्यावे. माझे मत असे, की तो करार नसता तर 1941 साली विशाखापट्टणमला गोदी बांधायला सिंदिया नावाची कंपनीच उरली नसती.

योगायोगाच्या गोष्टी

उद्योगपतींच्या आयुष्यात एखादी योगायोगाची भेट हमखास सांगितली जाते. वालचंदांच्या बाबतीत ती 1939 सालच्या प्रवासात विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी झालेली भेट होय. पॉली चीनमध्ये विमान जुळणीचा कारखाना चालवत होते, आणि त्या बोलण्यातून भारतात विमान कारखाना काढण्याची कल्पना पुढे आली. अशी गोष्ट गाळू नये. मात्र भेटीने फक्त भेटच समजते, कारखाना का उभा राहिला ते समजत नाही. त्यासाठी म्हैसूर संस्थानाकडे पाहावे लागते. दिवाण मिर्झा इस्माइल यांच्या काळातील हे संस्थान उद्योगांना जमीन, वीज आणि भागभांडवल द्यायला तयार होते. बंगळूर समुद्रापासून आणि सरहद्दीपासून दूर असल्याने सुरक्षित होते. आणि युद्ध सुरू झाल्यामुळे ब्रिटिश सरकारला आशियात विमाने जुळवणारी व दुरुस्त करणारी जागा हवी होती. 23 डिसेंबर 1940 रोजी हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी नोंदली गेली, 1941 साली भारत सरकार तिच्यात भागीदार झाले, आणि एप्रिल 1942 मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखान्याचा कारभार आपल्या हाती घेतला. योगायोगाची गोष्ट सांगून झाल्यावर, त्या दोघांची भेट झाली नसती तर यांतील कोणत्या गोष्टी तरीही घडल्या असत्या, असा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा.

विसंगती आणि मोकळी वर्षे

21 जून 1941 रोजी विशाखापट्टणमच्या गोदीची पायाभरणी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाली. त्याच वर्षी, बंगळूरच्या विमान कारखान्यात, ज्या सरकारशी राजेंद्रप्रसादांचा पक्ष झगडत होता तेच सरकार वालचंदांचे भागीदार आणि मुख्य गिऱ्हाईक होते. काही लेखक यातली पहिली घटना सांगून वालचंदांना राष्ट्रवादी ठरवतात. दुसरी पुढे करून त्यांना संधिसाधू ठरवणारेही भेटतात. दोन्ही घटना शेजारी शेजारी ठेवाव्यात आणि पारतंत्र्यातल्या उद्योजकाला परवानगी देणारा आणि त्याची अडवणूक करणारा एकच होता, ही परिस्थिती वाचकाला दिसू द्यावी.

गोदीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. पायाभरणी 1941 ची आणि "जलउषा" हे पहिले जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले 14 मार्च 1948 रोजी. मधल्या सात वर्षांवरून बहुतेक लेख एका वाक्यात उडी मारतात. कालपटात अशी मोकळी जागा दिसली, की तिथेच थांबावे. मार्च 1942 मध्ये रंगून जपानच्या ताब्यात गेले, 6 एप्रिल 1942 रोजी विशाखापट्टणमवर जपानी बाँब पडले, यंत्रसामग्री आणि पोलाद मिळण्याचे मार्ग युद्धाने अडवले. याच काळात मोटारींचा प्रयत्नही चालू होता. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी बोलणी होऊनही सरकारी साथ न मिळाल्याने तो रखडला आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी 1944 साली निघाली, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. ज्या वर्षांत काहीच घडलेले दिसत नाही, त्या वर्षांत मालकाचे भांडवल अडकलेले असते, कामगारांचे पगार द्यावे लागतात आणि व्याज चढत असते. उद्योगपतीची खरी कसोटी तिथे लागते.

ज्यांची नावे कागदात नसतात

भोर घाटातील रेल्वे बोगद्यांचे काम हा वालचंदांच्या कंत्राटी कारकिर्दीतील अभिमानाचा भाग, आणि त्याच परंपरेतून 1926 साली हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली. पण बोगदा खोदणाऱ्यांची नावे कंपनीच्या अहवालात सापडत नाहीत. त्यासाठी मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाची 1921 पासूनची मासिक प्रकाशने आणि 1929 साली नेमलेल्या शाही कामगार आयोगासमोरील साक्षी चाळाव्यात. त्यातून त्या काळची मजुरी, मुकादमांमार्फत होणारी भरती, कामाचे तास आणि अपघात यांचे चित्र उभे राहते.

साखर कारखान्यांच्या बाबतीत तर हा शोध महाराष्ट्राच्या आजच्या इतिहासापर्यंत येऊन पोहोचतो. कारखान्यांना हजारो एकर सलग ऊसशेती हवी होती आणि त्यासाठी आसपासच्या शेतकऱ्यांकडून खंडाने, म्हणजे ठरावीक वार्षिक मोबदल्यावर, दीर्घ मुदतीसाठी जमिनी घेतल्या गेल्या. 1961 च्या कमाल जमीन धारणा कायद्याने अशा खाजगी कारखान्यांच्या जमिनी सरकारकडे गेल्या आणि 1963 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाकडे त्या कसण्यासाठी आल्या. मूळ मालक असलेल्या खंडकरी शेतकऱ्यांना आपल्या जमिनी परत मिळवण्यासाठी त्यानंतर अनेक दशके लढावे लागले. वालचंदनगरविषयी लिहिताना कारखाना, वसाहत, शाळा यांचे वर्णन करून खंडकऱ्यांना वगळणारा लेख अपुरा आहे, असे मी ठामपणे म्हणेन. तलाठी कार्यालयातील जुने सातबारा उतारे, फेरफार नोंदी आणि घराघरांत जपून ठेवलेले खंडाचे करार ही याची साधने आहेत. ती पाहायला जाताना एखाद्या स्थानिक शिक्षकाला किंवा निवृत्त तलाठ्याला बरोबर घ्यावे, कारण मोडी लिपीतील आणि जुन्या एकर-गुंठ्यांतील नोंदी अनोळखी माणसाला चटकन उलगडत नाहीत.

मुलाखती घेताना वयाने सर्वांत मोठ्या माणसापासून सुरुवात करावी. "शेठ कसे होते?" असा प्रश्न विचारू नये, त्याचे उत्तर ठरलेले असते. पगार कोणत्या तारखेला होई, रोख मिळे की कसा, गाळपाचा हंगाम संपल्यावर घर कशावर चाले, संप झाला तेव्हा कारखान्याच्या दाराशी कोण उभे होते, दवाखान्यात पैसे पडत का, अशा नेमक्या प्रश्नांनी स्मरण जागे होते. सांगितलेली तारीख कालपटाशी ताडून पाहावी, पण जुळली नाही म्हणून आठवण फेकून देऊ नये. वर्ष चुकलेले असते, प्रसंग बहुधा खरा असतो. त्यांचे नाव छापायची परवानगी लेखी घ्यावी.

मृत्यूनंतरचे प्रकरण

वालचंदांचे निधन 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातमध्ये सिद्धपूर येथे झाले. तोपर्यंत विमान कारखाना सरकारकडे गेला होता आणि गोदीवर 1952 पासून सरकारचे बहुसंख्य भागभांडवलासह नियंत्रण आले होते. 1961 साली ती पूर्णपणे सरकारी झाली. उरलेले उद्योग भावांच्या शाखांमध्ये वाटले गेले. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय 1947 साली सुरू झाले आणि पुढे त्याला वालचंदांचे नाव मिळाले. त्याच शहरात कस्तुरबाई वालचंद महाविद्यालयही आहे. उद्योगपतीच्या चरित्रात हे शेवटचे प्रकरण किमान तीस वर्षांचे असावे, कारण संस्था माणसापेक्षा अधिक जगते किंवा त्याच्या मागे लगेच कोसळते, आणि दोन्हींतून त्याच्या कामाविषयी काही कळते. जमशेटजी टाटा 1904 साली वारले आणि त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेलेली पोलाद कंपनी 1907 साली स्थापन झाली. ती उभी करण्याचे श्रेय वाटताना दोराबजी टाटा आणि इतरांची नावे घ्यावी लागतात. वालचंदांच्या विमान आणि जहाज उद्योगांचे तसेच आहे. ते उद्योग टिकले, मात्र सरकारी मालकीत, आणि त्या मालकीत गेल्यानंतर संस्थापकाचे नाव त्यांच्या इतिहासात हळूहळू मागे पडले.

लेखन पूर्ण झाल्यावर मसुद्यावर एक दिवस केवळ रंगीत पेन्सिल घेऊन बसावे. प्रत्येक विशेषणाखाली रेघ ओढावी आणि समासात त्याचा पुरावा लिहावा. पुरावा न सापडलेले विशेषण खोडावे. मग पहिल्या पानावरचा प्रश्न काढून प्रत्येक कंपनीसमोर पैसा कोणाचा आणि परवानगी कोणाची याची उत्तरे मसुद्यात आहेत का ते पाहावे. मसुदा कुटुंबीयांना वाचायला द्यायचा असेल, तर तो तपशिलांच्या चुका दाखवण्यासाठी दिला आहे, मजकुराच्या संमतीसाठी नव्हे, हे सोबतच्या पत्रात स्पष्ट लिहावे, आणि त्यांनी कळवलेली प्रत्येक दुरुस्ती मूळ कागदाशी ताडूनच स्वीकारावी.